आतड्याच्या धमनीतली गुठळी आणि ती विरघळवणारं औषध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बरेच जण आयसीयूच्या बाहेर बसून, हातात संमतीपत्र असताना वाचतील याची मला कल्पना आहे. म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. गुठळी विरघळवणारं औषध बंद पडलेली धमनी उघडू शकतं. मेलेलं आतडं ते जिवंत करू शकत नाही. खालची बहुतेक उत्तरं शेवटी याच एका गोष्टीपाशी येतात: आतडं अजून जिवंत आहे का, आणि हातात किती वेळ आहे.

तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी आत्ता, या क्षणी पोटाच्या अचानक उठलेल्या असह्य दुखण्याने तळमळत असेल, तर वाचत बसू नका. आधी रुग्णालय गाठा.

आतड्याची रक्तवाहिनी बंद पडते म्हणजे नेमकं काय होतं?

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात उतरते, तेव्हा तिच्या पुढच्या बाजूने तीन फाटे फुटतात. वरचा फाटा जठर, यकृत आणि प्लीहेकडे जातो, खालचा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाकडे. मधला फाटा सगळ्यात महत्त्वाचा. डॉक्टर त्याला सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी म्हणतात, बोलताना नुसतं ‘एसएमए’. जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा उजवीकडचा बराचसा भाग या एका धमनीवर जगतो. ती अचानक बंद पडली, तर कित्येक फूट आतड्याचा रक्तपुरवठा एकदम तुटतो.

आतड्याचं सगळ्यात आतलं अस्तर रक्ताला फार भुकेलं असतं, त्यामुळे तेच आधी मरायला लागतं. काही तासांतच ते सोलवटतं. मग इजा बाहेरच्या थरांकडे सरकते, आणि रक्तपुरवठा पूर्ण तुटलेला असेल तर साधारण 6 ते 12 तासांत आतड्याची भिंत आरपार मेलेली असू शकते. ‘आतडं काळं पडलं’ किंवा ‘आतड्याला गँगरीन झालं’ म्हणतात ते हेच. त्यानंतर आतड्यातले जंतू रक्तात आणि पोटाच्या पोकळीत उतरतात आणि सगळं शरीर कोसळू लागतं.

इजेचा हा आतून बाहेर जाणारा क्रम लक्षात ठेवा. निदान का चुकतं, हे त्यातूनच कळतं.

म्हणजे हा आतड्याचा हार्ट अटॅकच का?

यंत्रणा तीच आहे: धमनी, गुठळी, पुढचा भाग उपाशी. फरक असा की हृदयाचा झटका ईसीजीवर काही मिनिटांत दिसू शकतो. आतड्यासाठी तशी सोपी तपासणी नाही.

गुठळी येते कुठून?

दोन वाटा मुख्य आहेत.

पहिली, वाहत आलेली गुठळी. ती बहुधा हृदयात तयार होते. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचतं आणि गोठतं. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा झडपेचा आजार असेल, तरीही हृदयात गुठळी होऊ शकते. एसएमए महाधमनीतून तिरक्या कोनात खाली जाते, त्यामुळे रक्ताबरोबर निघालेली गुठळी तिच्यात सहज शिरते आणि तोंडापासून काही सेंटिमीटर पुढे, धमनी अरुंद होते तिथे अडकते. अचानक होणाऱ्या अशा प्रसंगांत साधारण निम्म्यांचं कारण हेच असतं.

दुसरी, जागेवरच जमलेली गुठळी. धमनीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं चरबी आणि कॅल्शियमचा थर साचलेला असतो आणि एक दिवस त्यावर रक्त गोठून वाट पूर्ण बंद होते. अशा रुग्णांना नीट विचारलं, तर पुष्कळदा आधीचे काही महिने आठवतात: जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पोट दुखायचं, म्हणून जेवणाचीच भीती बसली, वजन उतरलं. घरच्यांना वाटतं भूक मंदावली. खरं तर भूक असते, पण खाल्ल्यावर आतड्याला लागणारं जादा रक्त पोचत नसतं.

ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण उपचार त्यावर बदलतात. वाहत आलेली गुठळी निघाली की मागे मोकळी धमनी उरते. जागेवर जमलेली गुठळी विरघळली, तरी खालचा अरुंद भाग तसाच राहतो. तिथे फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसवावा लागतो, नाहीतर धमनी पुन्हा बंद पडते.

याशिवाय दोन प्रकार आहेत, ज्यांना हे पान पूर्णपणे लागू पडत नाही. एकात गुठळी धमनीत नसून आतड्याच्या शिरेत होते. तिथे मुख्य उपचार गुठळी वाढू न देणाऱ्या हिपॅरिनसारख्या औषधांचा असतो आणि विरघळवणारं औषध निवडक रुग्णांनाच देतात. दुसऱ्यात गुठळी नसतेच: रुग्ण आधीच अत्यवस्थ असतो, रक्तदाब खालावलेला असतो आणि धमन्या आखडून जातात. तिथे गुठळी विरघळवणारं औषध देण्यात अर्थ नाही, धमन्या सैल करणारी औषधं लागतात.

सुरुवातीला गॅस, ॲसिडिटी, जुलाब असं सांगून घरी पाठवलं. डॉक्टर चुकले का?

हा प्रश्न फार दुखऱ्या जागेवरून येतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

या आजाराची खूण अशी की रुग्ण वेदनेने कळवळत असतो, पण पोटाला हात लावावा तर पोट मऊ. वर सांगितलेला क्रम आठवा. मार आतल्या अस्तराला बसलेला असतो, बाहेरचं आवरण अजून शाबूत असतं, त्यामुळे पोट कडक होत नाही. त्यात उलटी होते, एखाद-दोनदा पातळ शौचाला होतं, आणि सगळं चित्र साध्या पोटबिघाडासारखं दिसतं. एक्स-रे आणि सोनोग्राफीत सुरुवातीला फारसं काही सापडत नाही. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशींतून येणारं आम्ल, वाढलेलं असलं तर संशय बळावतो, पण सुरुवातीच्या तासांत ते नॉर्मलही असू शकतं. नॉर्मल आहे म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. आणि पोटदुखीने येणाऱ्या शेकडो रुग्णांत असा एखादाच असतो.

त्यातून आणखी एक फसवी गोष्ट घडते. काही तासांनी दुखणं कमी होतं. घरच्यांना हायसं वाटतं, कधी डॉक्टरांनाही. काही वेळा ती आराम पडल्याची नव्हे, आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंनी जीव सोडल्याची खूण असते. त्यानंतर पोट फुगतं, कडक होतं, रक्तदाब घसरतो.

निदानाची खरी तपासणी एकच: सीटी अँजिओग्राफी. शिरेतून रंगद्रव्य सोडून केलेल्या या सीटीत धमनी कुठे बंद आहे ते दिसतं आणि आतड्याच्या भिंतीची अवस्थाही कळते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलंय म्हणून रंगद्रव्य टाळणं आणि साध्या सीटीवर भागवणं या आजारात महागात पडतं. मूत्रपिंडाला होऊ शकणारी इजा बहुधा सावरता येते, आतड्याची नाही.

तेव्हा चूक झाली की नाही याचा निवाडा या पानावरून होणार नाही. पण पुढच्या वेळी, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या बाबतीत, दोन वाक्यं तातडीच्या विभागात स्पष्ट बोला: ‘यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असतात’ आणि ‘यांची रक्त पातळ करणारी गोळी अमुक दिवसांपासून बंद आहे’. या दोन वाक्यांनी डॉक्टरांचा विचार योग्य दिशेला वळतो.

हे औषध नेमकं काय करतं?

गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. हे जाळं कापण्याची सोय शरीराने स्वतःच केलेली असते. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन निद्रिस्त अवस्थेत फिरत असतं. ते जागं झालं की प्लाझ्मिन बनतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे तोडतं. औषध फक्त या प्लाझ्मिनोजेनला जागं करतं, तेही एरवीपेक्षा कितीतरी जोमाने.

या गटातलं सगळ्यात जुनं औषध स्ट्रेप्टोकायनेज. घशाला संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमध्ये हा गुण असल्याचं 1933 मध्ये लक्षात आलं. ते जंतूंपासून मिळवलेलं असल्यामुळे त्याची ॲलर्जी येऊ शकते, आणि एकदा दिल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्यामुळे ते पुन्हा देणं टाळतात. त्यानंतर युरोकायनेज आलं, मग आल्टेप्लेज, म्हणजे शरीरातल्याच पदार्थाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत. आतड्याच्या धमनीसाठी आज बहुधा आल्टेप्लेज किंवा युरोकायनेज वापरतात.

हिपॅरिन चालूच आहे. मग हे वेगळं औषध कशाला?

हिपॅरिनने गुठळी विरघळत नाही. ती वाढू नये आणि नवी होऊ नये एवढंच ते बघतं. ‘रक्त पातळ करणारं औषध’ हा शब्द सगळ्यांसाठीच वापरला जातो, म्हणून गोंधळ होतो. हिपॅरिन निदान होताच सुरू करतात, मग पुढे धमनी औषधाने उघडायची असो वा ऑपरेशनने.

मग गुठळी विरघळवणारं औषध हाताच्या शिरेतून, सलाईनमधूनच का देत नाहीत?

कारण तसं दिलं तर ते सगळ्या शरीरभर पसरतं. बंद पडलेल्या धमनीत रक्तच वाहत नाही, त्यामुळे नेमकं तिथे ते कमी पोचतं आणि रक्तस्रावाचा धोका मात्र सर्वांगाला होतो. म्हणून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, थेट गुठळीत नेऊन औषध तिथेच सोडतात. मेंदूच्या झटक्यात आल्टेप्लेज शिरेतून दर किलो वजनाला 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90 मिलिग्रॅम देतात. कॅथेटरमधून ते तासाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम अशा संथ धारेने जातं. एकूण मात्रा खूपच कमी होते.

अशा पद्धतीने आतड्याच्या धमनीतली गुठळी स्ट्रेप्टोकायनेजने विरघळवल्याची नोंद 1979 पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. म्हणजे कल्पना काही कालची नाही. पण ती करण्याजोगी साधनं आणि तिला वेळेवर वाट करून देणारं सीटी अँजिओ सहज हाताशी आलं ते बऱ्याच नंतर.

प्रक्रिया कशी करतात? भूल देतात का?

ही प्रक्रिया इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (एक्स-रेच्या पडद्यावर बघत कॅथेटरने उपचार करणारे डॉक्टर) किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन कॅथलॅबमध्ये, म्हणजे त्यासाठीच्या खास खोलीत, करतात. बहुतेकदा जागा बधिर करून भागतं; वेदना आणि अस्वस्थता कमी करणारी औषधं शिरेतून देतात. रुग्ण फारच अत्यवस्थ असेल तर पूर्ण भूल लागते.

जांघेतल्या धमनीत, कधी हाताच्या धमनीत सुई घालून छोटी नळी बसवतात. हाताची वाट निवडण्याचं एक कारण असं की एसएमए महाधमनीतून खालच्या दिशेने निघते, त्यामुळे वरून येणाऱ्या कॅथेटरला ती कधीकधी सोपी जाते. मग एक्स-रेच्या पडद्यावर बघत, तारेवरून कॅथेटर एसएमएच्या तोंडाशी नेतात आणि रंगद्रव्य सोडून गुठळीची जागा पक्की करतात. शक्य असेल तर तार गुठळीच्या आरपार जाते. त्यानंतर बाजूला अनेक बारीक भोकं असलेलं कॅथेटर गुठळीच्या पोटातच ठेवतात, म्हणजे औषध तिच्या साऱ्या लांबीत झिरपतं. बऱ्याचदा आधी एक छोटी मात्रा एकदम देतात आणि मग पंपाने संथ धार चालू ठेवतात.

कॅथेटर तसंच ठेवून रुग्णाला आयसीयूत आणतात. ठरावीक तासांनी पुन्हा कॅथलॅबमध्ये नेऊन रंगद्रव्याने गुठळी किती विरघळली ते बघतात.

किती वेळ लागतो? तोपर्यंत आतडं तग धरेल का?

दुसरा प्रश्न बरोबर विचारलात. या उपचाराची दुखरी बाजू हीच आहे.

गुठळी कधी काही तासांत विरघळते, कधी पूर्ण दिवस लागतो. इकडे आतड्याचं घड्याळ चालूच असतं. म्हणून धमनी ठार बंद असेल, तर आजकाल पुष्कळ ठिकाणी नुसत्या औषधावर विसंबत नाहीत. आधी जाड कॅथेटरने गुठळीचा जमेल तेवढा भाग ओढून काढतात, म्हणजे रक्ताची बारीक का होईना धार लगेच सुरू होते, आणि उरलेल्या किंवा पुढच्या बारीक फांद्यांत गेलेल्या तुकड्यांसाठी औषध देतात. माझ्या मते औषधाची खरी जागा आज इथे आहे: जिथे कॅथेटर पोचत नाही अशा बारीक फांद्यांत, आणि जिथे थोडं रक्त अजून वाहतंय, आजूबाजूच्या धमन्या मदत करताहेत आणि आतडं काही तास वाट बघू शकेल अशा रुग्णांत.

हृदयात बरेच दिवस राहून मग निसटलेली गुठळी जुनी, चिवट असते. ती औषधाला फारशी दाद देत नाही. ताजी गुठळी लवकर विरघळते.

औषध चालू असताना आम्ही काय बघायचं?

नर्स आणि डॉक्टर बघतच असतात: रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन, आणि फायब्रिनचे धागे ज्यापासून बनतात त्या फायब्रिनोजेनची पातळी. फायब्रिनोजेन फार खाली गेलं तर औषध कमी करतात किंवा थांबवतात. पण रुग्णाचा चेहरा तुम्हाला जास्त ओळखीचा असतो. भेटायला आत सोडलं, तर पुढीलपैकी काहीही जाणवलं की लगेच सांगा, ‘उगाच त्रास कशाला द्या’ असा संकोच करू नका: अचानक डोकं दुखणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, गुंगी येणं, सुई टोचलेल्या जागी सूज किंवा रक्त, काळी किंवा लाल शौच, पाय गार पडणं, पोटदुखी परत वाढणं.

कॅथेटर असलेला पाय सरळ ठेवायचा असतो. वयस्कर माणसं गोंधळून उठू बघतात. शेजारी बसून शांतपणे समजावणारं ओळखीचं माणूस असलं तर फार मदत होते.

तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाण्याचा घोटही विचारूनच.

हे सगळ्यांना का देत नाहीत?

पहिलं आणि मोठं कारण: आतडं मेल्याची लक्षणं असतील तर हे औषध देत नाहीत. पोट कडक झालंय, हात लावू देत नाही, सीटीत आतड्याच्या भिंतीत हवा दिसतेय किंवा आतडं फुटून हवा बाहेर आलीय, रक्तदाब ढासळलाय. तर थेट ऑपरेशन. मेलेलं आतडं कापून काढावंच लागतं, आणि अशा अवस्थेत औषधाची वाट बघणं म्हणजे विष अंगात भिनू देणं. जागतिक आपत्कालीन शस्त्रक्रिया संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह, उघड असेल तर तातडीने पोट उघडा असंच सांगतात.

दुसरं कारण रक्तस्रावाचा धोका. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, गेल्या काही महिन्यांत मेंदूचा झटका आला असेल, मेंदूत गाठ असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन किंवा गंभीर दुखापत झाली असेल, कुठून तरी रक्त जात असेल किंवा रक्तदाब अजिबात आटोक्यात नसेल, तर हे औषध बहुधा टाळतात. यातल्या काही गोष्टी जुन्या फायलीतच असतात आणि घाईत विसरल्या जातात. आठवून सांगा.

औषधाने भागलं तर ऑपरेशन टळेल ना?

काहींचं टळतं. पण ‘टळेल’ असं वचन कुणी देत असेल तर सावध राहा.

कॅथेटरमधून धमनी दिसते, आतडं दिसत नाही. आतड्याचा रंग गुलाबी आहे की काळपट, ते हलतंय का, फांद्यांत नाडी लागते का, हे पोट उघडून किंवा दुर्बिणीतूनच कळतं. म्हणून धमनी सुरेख उघडलेली असली, तरी पोटदुखी कमी न होणं, ताप, वाढतं लॅक्टेट, वाढत्या पांढऱ्या पेशी यांपैकी काहीही असेल तर सर्जन पोटात डोकावतात. कधी 24 ते 48 तासांनी दुसऱ्यांदाही बघतात, कारण पहिल्या वेळी संशयास्पद वाटलेला भाग तोवर सावरलेला असतो किंवा गेलेला.

नातेवाईक याला ‘औषध फेल गेलं’ म्हणतात. मला ते पटत नाही. औषधाने पाच फूट आतडं वाचलं आणि सर्जनने दीड फूट काढलं, तर दोघांनी मिळून एक माणूस वाचवला. ऑपरेशनला होकार द्यायला लागला म्हणून आधीचा निर्णय चुकीचा ठरत नाही.

किती जण बरे होतात?

आकडे आहेत, पण ते जपून वाचायला हवेत. 2005 मध्ये, हे औषध दिलेल्या आणि तोवर प्रसिद्ध झालेल्या सगळ्या रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला गेला. रुग्ण होते फक्त 48. त्यांतल्या 43 जणांची गुठळी विरघळली आणि 30 जणांना पुढे ऑपरेशन लागलं नाही. पण हे आधी निवडलेले, आतडं मेल्याची लक्षणं नसलेले रुग्ण होते, आणि डॉक्टर सहसा यशाच्याच कहाण्या छापायला पाठवतात.

मला 2011 ची स्वीडनमधली पाहणी जास्त प्रामाणिक वाटते. राष्ट्रीय नोंदवहीतून घेतलेले 34 रुग्ण, बहुतेक वयोवृद्ध. 30 जणांत औषधाने काम केलं. तरीही सुमारे 26 टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. धमनी उघडणं आणि माणूस वाचणं या दोन गोष्टींतलं अंतर या दोन आकड्यांत दिसतं.

तुलनेसाठी एवढं ध्यानात घ्या की उपचाराला उशीर झालेल्या या आजारात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

धोके कोणते?

रक्तस्राव हा सगळ्यात मोठा. बहुतेक वेळा तो सुई टोचलेल्या जागी होतो आणि दाबून धरल्यावर थांबतो. आतड्याच्या सोलवटलेल्या अस्तरातूनही रक्त जाऊ शकतं. मेंदूतला रक्तस्राव क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

गुठळीचा तुकडा सुटून पुढच्या फांदीत अडकू शकतो. रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर सांगा, ते काही काळ थांबवावं लागू शकतं. आणि एक गोष्ट विपरीत वाटेल: रक्त परत आल्यामुळेही त्रास होतो. उपाशी आतड्यात साठलेले विषारी पदार्थ एकदम सगळ्या शरीरात येतात, आतडं सुजतं, रक्तदाब आणि फुप्फुसं डळमळतात. धमनी उघडल्यानंतरचे एक-दोन दिवस रुग्ण आधीपेक्षा अधिक आजारी दिसला, तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

आमच्या रुग्णालयात ही सोय नाही. हलवावं का?

तिथल्या डॉक्टरांना थेट विचारा: ‘आत्ता पोट उघडणं जास्त गरजेचं आहे, की कॅथलॅब?’ आतडं मेल्याची लक्षणं असतील आणि तिथे सर्जन असतील, तर कॅथेटरच्या शोधात अँब्युलन्समध्ये तास घालवू नका. सर्जन पोट उघडून धमनीतली गुठळीही काढू शकतात. या आजारावरचा तो जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. पोट मऊ असेल आणि कॅथलॅब, सर्जन, आयसीयू तिन्ही एका छताखाली असलेलं केंद्र जवळ असेल, तर हलवणं योग्य ठरतं.

निघण्याआधी हिपॅरिन, सलाईन, ऑक्सिजन, प्रतिजैविकं आणि वेदनाशामक सुरू झालेली असावीत. सीटीची सीडी बरोबर घ्या आणि पुढच्या रुग्णालयाला फोन गेला आहे याची खात्री करा. नुसता रिपोर्टचा कागद नेला, तर कधीकधी तपासणी पुन्हा करावी लागते आणि त्यात वेळ जातो.

सही करण्याआधी काय विचारू?

फार नाही, चार गोष्टी. आतडं जिवंत आहे असं कशावरून वाटतं? गुठळी आधी ओढून काढणार की फक्त औषध? किती तासांनी बघणार आणि कशावरून थांबवणार? सर्जनना आत्तापासून कळवलंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायलाच हवं.

घरी गेल्यावर काय?

खाणं हळूहळू वाढतं: आधी पातळ, थोडं थोडं, अनेकदा. अस्तर नव्याने भरून येईपर्यंत जुलाब होऊ शकतात. खूप आतडं काढावं लागलं असेल आणि लहान आतडं दोन मीटरपेक्षा कमी उरलं असेल, तर पोषण नीट शोषलं जात नाही. अशांना आहारतज्ज्ञांची दीर्घकाळ साथ लागते, काहींना शिरेतून पोषण द्यावं लागतं.

रक्त पातळ करणारी गोळी बहुतेकांना चालू राहते, एट्रियल फिब्रिलेशन असेल तर सहसा जन्मभर. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) साधारण 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात आणि त्यासाठी नियमित रक्ततपासणी करावी लागते. नव्या गोळ्यांना ती लागत नाही, पण त्यांची एखादी मात्रा चुकली तर संरक्षण लवकर उतरतं. स्टेंट बसवला असेल तर ॲस्पिरिनसारखी गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन आणि स्टेंट उघडा आहे ना हे बघणारी अधूनमधून तपासणी. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद.

पुन्हा होऊ शकतं का?

हो. आतड्यातच असं नाही. मेंदूत, पायात, कुठेही. पुष्कळदा कारण अगदी साधं असतं: दात काढायचा म्हणून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद केली आणि पुन्हा सुरू करायची राहून गेली. गोळी थांबवायची झाली तर कोणत्या तारखेला थांबवायची आणि कोणत्या तारखेला सुरू करायची, या दोन्ही तारखा डॉक्टरांकडून एकाच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा.

मुलांना, भावंडांना तपासून घ्यावं का?

सहसा गरज नसते. रुग्ण तरुण असेल, हृदयात आणि धमन्यांत काहीच कारण सापडलं नसेल किंवा घरात आणखी कुणाला वारंवार गुठळ्या झाल्या असतील, तर रक्त गोठण्याच्या विकारांच्या तपासण्या करतात. आधी रुग्णाच्या, आणि त्यांत काही निघालं तरच इतरांच्या. गुठळी ताजी असताना आणि हिपॅरिन चालू असताना यातल्या काही तपासण्यांचे निकाल फसवे येतात, म्हणून त्या बऱ्याचदा काही आठवड्यांनी करायला सांगतात.